पासपोर्टवर ७१, आधारवर ६८: एका निवृत्त टर्नरच्या आरोग्यकवचाचं प्रकरण

नवरा-बायको दोघंच, नाशिकच्या सिडकोत स्वतःच्या घरात. अण्णा सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवरचे कामगार, होते. जून २०१२ मध्ये वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झाले. काकू ६४ वर्षांच्या, नोकरी कधी केलेली नाही. ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफ खात्याची, पेन्शन अडीच हजारांच्या आत, बाकी घर पुण्यातला मुलगा चालवतो. रेशनकार्ड पांढरं. २०२५ च्या पावसाळ्यात अण्णांना जिना चढताना छाती भरून यायला लागली. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट झाली आणि हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं, अँजिओग्राफी करू, ब्लॉक निघाला तर त्याच टेबलवर अँजिओप्लास्टी. खर्चाचा अंदाज दोन लाखांच्या वर. काकूंचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण तो विषय घरात कायम पुढे ढकललेला.

मुलगा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मदत कक्षात आला तो एकच काम घेऊन. "काका, सत्तरच्या वरच्यांचं पाच लाखांचं कार्ड तेवढं काढून द्या, बाकीचं मी बघतो."

येणारे बहुतेक असेच येतात, कार्डाचं नाव घेऊन. आम्ही कार्ड बाजूला ठेवतो आणि आधी घरातली माणसं कागदावर मांडतो. चूल एक असली तरी सरकारी आरोग्यकवचाची पात्रता माणसागणिक बदलते. एक योजना वय बघते, दुसरी शेवटचा पगार, तिसरी रेशनकार्ड. प्रत्येक माणसापुढे या तीन गोष्टी लिहिल्या की निम्मा गोंधळ तिथेच संपतो. (ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत, नियम आणि योजनांच्या रकमा आहेत तशाच.)

डब्यातलं ईएसआय कार्ड

अण्णांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून जुनं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड काढलं. कडा झिजलेल्या, फोटो पुसट, पण विमा क्रमांक वाचता येत होता. "वर्षाला १२० रुपये भरले की नवरा-बायकोला आयुष्यभर दवाखाना फुकट, आमच्या युनियनवाल्यांनी सांगितलेलं," अण्णा म्हणाले. ऐकलेलं खोटं नव्हतं. किमान पाच वर्षं विम्याखाली काम करून, विम्याखाली असतानाच जो कामगार निवृत्तीच्या वयामुळे बाहेर पडतो, त्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. आणि हा लाभ फक्त दाखल होण्यापुरता नसतो, ओपीडी आणि औषधंही त्यात येतात. म्हाताऱ्या माणसाचा खर्च तर मुख्यतः तिथेच असतो.

पेच आहे "विम्याखाली असतानाच" या अटीत. ईएसआयला पगाराची मर्यादा असते. मे २०१० पासून ती १५,००० रुपये होती, जानेवारी २०१७ पासून २१,००० आहे. अण्णा कायम कामगार. दर तीन-चार वर्षांनी करार व्हायचा, पगार वाढायचा. शेवटच्या वर्षांच्या पगारपावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, म्हणून बघता आलं: २०१० मध्ये मर्यादा वाढली तेव्हा अण्णांचा पगार तिच्याही वर होता आणि ईएसआयची कपात बंद होती. म्हणजे निवृत्त होताना ते विमा कामगार नव्हतेच. वीस वर्षं भरलेली वर्गणी या बाबतीत कामाला आली नाही.

पगार वाढल्यामुळे असे बाहेर पडलेल्यांचा विचार करून ईएसआय महामंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय घेतला खरा, पण तो १ एप्रिल २०१७ किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्यांसाठी, शेवटचा पगार ३०,००० पर्यंत असलेल्यांसाठी आणि एप्रिल २०१२ नंतर किमान पाच वर्षं विम्याखाली असलेल्यांसाठी. अण्णा २०१२ चे. त्यात बसत नाहीत.

त्याच कारखान्यात कँटीनला ठेकेदारामार्फत काम केलेला एक शेजारी मात्र आज १२० रुपये भरून सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात औषधं घेतो. त्याचा पगार शेवटपर्यंत मर्यादेखाली राहिला. अण्णांना हे ऐकून राग आला, आणि मला तो रास्त वाटला. ज्याने जास्त वर्गणी भरली तो बाहेर, हे कुठल्याही हिशेबात पटण्यासारखं नाही. पण सल्ला देणाऱ्याने इथे उगाच आशा लावून ठेवू नये. पेशंटला छातीत दुखत असताना पात्र नसलेल्या दारात त्याला पाठवणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

सत्तरीचं कार्ड अडकलं कुठे

मुलगा ज्याचं नाव घेत होता ते कार्ड म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड. केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ ची. तिच्यात ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना घेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ ला घेतला आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला, धन्वंतरी जयंतीला, कार्डवाटप सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही. बंगला असो, पेन्शन असो, मुलगा अमेरिकेत असो, वय ७० असलं की पुरे. आधीपासूनच्या आजाराला थांबण्याचा काळ नाही, पहिल्या दिवसापासून कवच. खासगी पॉलिसी किंवा ईएसआय असली तरी हेही घेता येतं.

वयाचा पुरावा मात्र एकच, आधार. अण्णांचा खरा जन्म १९५४ चा, पासपोर्टवर तसाच. मुलाने एकदा दुबई दाखवायला न्यायचं ठरवलं तेव्हा तो पासपोर्ट काढलेला. आधारवर मात्र १ जानेवारी १९५७. आधार पहिल्यांदा निघाली तेव्हा कॅम्पात बसलेल्या पोराने वय विचारलं, कुणीतरी अंदाजे सांगितलं, आणि त्याने १ जानेवारी टाकून दिली. या पिढीत १ जानेवारीला जन्मलेली माणसं फार आहेत. कार्ड काढायचं ॲप त्यांना ६८ चे समजत होतं आणि पुढे जाऊ देत नव्हतं.

आधारवरची जन्मतारीख बदलता येते, पण एकदाच, आणि पुराव्यासह. म्हणून आम्ही घाई न करता सांगितलं: पासपोर्ट घेऊन आधार केंद्रात जा, पावती घ्या, आणि खिडकीवर तारीख टाइप होताना स्क्रीनवर स्वतः वाचा. काही दिवस जाणार हे उघड होतं. मुलगा हताश झाला. "म्हणजे तोवर स्वतःच पैसे भरायचे?"

पांढरं कार्ड

तोवर कागदावरचा तिसरा रकाना कुणी बघितलाच नव्हता. रेशनकार्ड काढा म्हटलं तर काकू म्हणाल्या, "ते पांढरं आहे हो, त्यावर काही मिळत नाही. साखरसुद्धा नाही."

धान्याच्या बाबतीत काकूंचं बरोबर होतं. उपचारांच्या बाबतीत २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने चित्र बदललं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली तीच, पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डांची होती. त्या निर्णयाने ती पांढऱ्या कार्डासकट राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आणि अधिवास प्रमाणपत्र असलेल्यांना खुली झाली. संरक्षण कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, उपचारांची यादी १,३५६ वर गेली. वयाची अट इथे नाहीच. म्हणजे आधारवर ६८ असोत की ७१, अण्णा आजच पात्र होते. काकूही.

हे सांगितल्यावर मुलाचा चेहरा खुलण्याऐवजी संशयी झाला. मध्यमवर्गात हा संशय मुरलेला आहे: सरकारी योजना म्हणजे गरिबांची, आपण मागितली तर कुणीतरी हसेल. अण्णांना तर पटेना. "आपण दुसऱ्याचं खातोय असं नको व्हायला." त्यांना एवढंच दाखवलं की शासन निर्णयात पांढऱ्या कार्डाचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्यात कुणाचा वाटा मारण्याचा प्रश्न येत नाही.

रेशनकार्ड जुनं, हाताने लिहिलेलं होतं आणि ऑनलाइन नोंद झाल्यावर मिळणारा बारा अंकी क्रमांक त्यावर नव्हता. धान्य वितरण कार्यालयात मुलाने एक सकाळ घालवून तो काढून घेतला. पांढरं कार्ड वर्षानुवर्षं कपाटात पडून असतं, त्यामुळे ही अडचण घरोघरी निघते. आजारपणाच्या आधी हे काम उरकून ठेवलेलं बरं.

"आमच्याकडे योजना आहे"

अण्णांची तपासणी जिथे झाली त्या रुग्णालयाच्या काउंटरवर मुलाला आधीच सांगितलं होतं, योजना आहे आमच्याकडे. तेही खोटं नव्हतं. फक्त ते रुग्णालय अस्थिरोग आणि सामान्य शस्त्रक्रियेसाठी योजनेत होतं, हृदयरोगासाठी नव्हतं. रुग्णालयं यादीत येतात ती विशेषोपचारानुसार, ही गोष्ट दारावरच्या फलकावर कुठे लिहिलेली नसते. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. म्हणून आम्ही विचारायचा प्रश्न बदलून दिला. "योजना आहे का?" असं विचारू नका. "अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेतून तुमच्याकडे होते का, आणि आरोग्यमित्र कुठे बसतात?" असं विचारा. आरोग्यमित्र म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस. १५५३८८ या हेल्पलाइनवरही हाच प्रश्न विचारता येतो.

पर्याय दोन निघाले: शालिमारचं सरकारी संदर्भ सेवा रुग्णालय आणि हृदयरोगासाठी यादीत असलेलं एक खासगी. कुटुंबाने खासगी निवडलं. आम्ही दोन्हींची माहिती दिली, मत दिलं नाही. रुग्णालय निवडणं हे डॉक्टरांचं आणि घरच्यांचं काम.

दाखल होण्याच्या दिवशी काउंटरवर वीस हजार अनामत मागितली, "मंजुरी येईपर्यंत, नंतर परत". आरोग्यमित्र जागेवर नव्हते, जेवायला गेले होते. मुलाने फोन केला. त्याला सांगितलं, भांडू नको, एवढंच म्हण: योजनेतल्या रुग्णाकडून अनामत घेतली अशी पावती द्या, मी भरतो. पावतीचा विषय निघाल्यावर अनामतीचा विषय मागे पडला. आरोग्यमित्र आले, रेशनकार्ड आणि आधार बघितलं, नोंद झाली, पूर्वमंजुरीला कागद गेले.

मग नात्यातल्या एकाने फोनवरून घोळ घातला. योजनेत म्हणे साधा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवतात, चांगला हवा तर वरचे पैसे भरा. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये अँजिओप्लास्टीचा स्टेंट औषधी लेपाचाच धरलेला आहे. आणि पॅकेज मंजूर झाल्यावर रुग्णालयाने रुग्णाकडून वर काही घ्यायचं नसतं. स्टेंटच्या किमतीची भीती लोकांच्या डोक्यात जुन्या काळातली आहे. औषधी लेपाच्या स्टेंटला तेव्हा लाखाच्या पुढे मोजावे लागायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली आणि साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६०. नंतर या आकड्यांत थोडेफार बदल होत गेले, पण लाखाची गोष्ट तेव्हाच संपली.

एक धोका मात्र आम्ही आधीच सांगून ठेवला होता. अँजिओग्राफीत ब्लॉक निघाला नाही आणि पुढे काहीच करावं लागलं नाही, तर त्या तपासणीचा खर्च योजनेतून मिळेल असं धरून चालू नका. अण्णांच्या बाबतीत एक ब्लॉक निघाला, एक स्टेंट पडला, तिसऱ्या दिवशी घरी. बिल शून्य. फुले योजनेच्या पॅकेजमध्ये खाटेपासून जेवणापर्यंत सगळं आणि घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही बसतं. मुलाकडे गाडी होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

आधार दुरुस्त होऊन आलं तेव्हा अण्णा घरी विश्रांती घेत होते. वय वंदना कार्ड मग घरबसल्या निघालं. ई-केवायसीला अंगठा लागेना. आयुष्य लेथवर गेलेलं, बोटांच्या रेषा कधीच्या घासल्या गेल्यात. ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, ती चालली. कार्ड मोफत आहे. गल्लीतला एक जण त्यासाठी तीनशे रुपये घेत होता, हेही लिहून ठेवतो.

गोळ्यांचा प्रश्न

घरच्यांना वाटलं प्रकरण संपलं. माझ्या मते ते इथून सुरू होतं. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची आधीपासून होतीच. त्यातली एखादी मनाने बंद केली तर स्टेंट बुजू शकतो. आणि दोन्ही योजना खाटेवरच्या उपचारांच्या आहेत. फुले योजनेत डिस्चार्जनंतर दहा दिवस, आयुष्मानमध्ये पंधरा दिवस, एवढाच पुढचा आधार. नंतरची ओपीडी, नंतरची गोळी, दर तिमाहीची रक्ततपासणी, सगळं खिशातून. पाच लाखांचा आकडा ऐकून लोक हेच विसरतात.

अण्णांसाठी दोन वाटा लिहून दिल्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत शुल्क घेत नाहीत. नाशिकचं जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, त्यात येतं. तिथल्या असंसर्गजन्य रोगांच्या ओपीडीत बीपीच्या गोळ्या मिळतात. ज्या मिळत नाहीत त्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या जनऔषधी दुकानातून, डॉक्टरांना घटकाचं नाव लिहून द्यायला सांगून. अण्णा सिव्हिलच्या रांगेला तयार नव्हते. बीपीच्या गोळ्या तिथून घ्यायच्या आणि स्टेंटच्या जनऔषधीतून, अशी तडजोड काकूंनी करून दिली.

इथेच आमच्या संघातल्या एका प्रसंगाची आठवण होते. वय वंदनाच्या शिबिरात देवळालीचे एक निवृत्त सुभेदार रांगेत उभे होते, सगळे काढतायत म्हणून. त्यांच्याकडे ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, होती. ईसीएचएस किंवा सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची योजना) असलेल्यांना दोन्ही घेता येत नाही, जुनं ठेवायचं की आयुष्मान घ्यायचं हे एकदाच निवडायचं असतं. आणि त्यांच्या जुन्यात ओपीडी आहे, औषधं आहेत. त्यांना रांगेतून बाहेर काढलं तेव्हा ते जरा रागावलेच होते. शिबिरात प्रत्येकाला एकच कार्ड देत सुटणं किती घातक आहे, ते अशा वेळी कळतं.

काकू आणि मुलाची पॉलिसी

काकूंच्या गुडघ्यांचं आता कोडं राहिलेलं नाही. गुडघेरोपण फुले योजनेत आहे, त्या पांढऱ्या कार्डावर पात्र आहेत, आणि गंमत म्हणजे ज्या पहिल्या रुग्णालयात अण्णांचं काम झालं नाही ते अस्थिरोगासाठी यादीत आहे; फक्त गुडघेरोपण योजनेतून तिथे होतं की ते सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहे, हे आधी विचारून घ्यायचं. शस्त्रक्रिया करायची का, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. फुले योजनेचे पाच लाख कुटुंबाचे मिळून आहेत, त्यामुळे एकाच वर्षात दोघांचं मोठं काम निघालं तर उरलेली रक्कम आरोग्यमित्रांकडून आधी बघून घ्यायची, हे त्यांना सांगितलं आहे. सत्तरीचं कवच सध्या एकट्या अण्णांचं आहे. काकू ७० च्या होतील तेव्हा ते दोघांत वाटलं जाईल. त्यांच्या आधारवरची जन्मतारीख आम्ही लगेच तपासली. बरोबर आहे.

मुलाच्या कंपनीच्या गट विम्यात आई-वडील दोघंही आहेत: तीन लाख, आणि प्रत्येक बिलात वीस टक्के स्वतःचे. हप्ता त्याच्या पगारातून कापला जातो. त्याने विचारलं, आता सरकारी कवच आहे तर एप्रिलमध्ये यांची नावं काढून टाकू का? आम्ही काढू नका म्हणालो. योजनेचं कार्ड यादीतल्या रुग्णालयापुरतं चालतं, तेही त्या विशेषोपचारासाठी. रात्री दोन वाजता जवळचं रुग्णालय यादीत नसेल तेव्हा पॉलिसी उपयोगी पडते. एकदा बाहेर पडल्यावर ७१ व्या वर्षी, स्टेंटसह, बाजारात नवी पॉलिसी घ्यायची म्हटली तर हप्ता आणि अटी काय असतील याची चौकशी त्याने स्वतःच केली. नावं ठेवायची की नाही, हे तो बायकोशी बोलून ठरवणार आहे.